धाकट्याची गाडी मिशिगनमध्ये ठोकली गेलीय, कमी पैशात कशी दुरुस्त करायची?

नंदगडकर | रविवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ बेळगावात मेकॅनिकल करून गेल्या वर्षी मिशिगनला एमएसला गेला, डेट्रॉइटच्या बाजूला राहतो. काल संध्याकाळी हिरव्या सिग्नलवर हा सरळ चालला होता आणि समोरून येणाऱ्या पिकअपवाल्यानं एकदम आडवं वळण घेतलं, ह्याच्या गाडीचा डावा पुढचा कोपरा त्याच्यावर जाऊन आदळला. देवाच्या दयेनं कुणाला काही लागलं नाही. एअरबॅग उघडल्या नाहीत, वेग कमी होता.

गाडी २०११ ची टोयोटा सेडान, चांदी कलर, १ लाख ३८ हजार मैल पळालेली, येऊन तीन महिने झाल्यावर ४८०० डॉलरला घेतलेली. आता बोनेट दुमडलंय, डावा फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) आत गेलाय, डावी हेडलाइट फुटली, रेडिएटरचं पाणी सगळं रस्त्यावर. तिथल्या एका बॉडी शॉपवाल्यानं नुसतं बघून ४६०० डॉलर सांगितले, म्हणजे आपले चार लाख. इन्शुरन्स आहे पण पैसे वाचवायला म्हणून त्यात कोलिजन, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीचं झालेलं नुकसान भरून देणारं कव्हर, घेतलेलं नाही. कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यात भाडं आणि जेवण निघतं तेवढंच. बस त्याच्या घराजवळून जात नाही, कॉलेज ११ मैल, आणि आता नोव्हेंबर लागलाय, बर्फ सुरू होईल.

आईनं आज सकाळीच पाटल्या काढून पुढ्यात ठेवल्या, तारण ठेव म्हणाली. मी म्हटलं थांब दोन दिवस, आधी माहितगार माणसांना विचारतो. तीन गोष्टी सांगा, गाडी दुरुस्त करण्यात अर्थ आहे का भंगारात द्यावी, दुरुस्त करायची तर स्वस्तात कशी, आणि इथनं पार्ट पाठवून काही उपयोग होईल का.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | रविवार, रात्री ११:४८

अण्णा, पोरगं बरं हाय नव्हे? ते पहिलं. छातीवर बेल्टचा वळ उठलाय काय विचारा, मान आखडली काय विचारा, दुसऱ्या दिवशी कळतंय ते.

आता गाडीचं. मी २६ वर्षं टिंकरिंग करूलोय, चोर्ला घाटात ठोकलेल्या गाड्या आठवड्याला एक तरी येतीच माझ्याकडं. ४६०० ऐकून घाबरू नका आणि ४६०० त होईल असंबी धरू नका. नुसतं बघून दिलेला आकडा तो, खोलल्यावर आत काय निघतंय कुणाला ठाऊक. कमीबी निघंल, जास्तबी. म्हणून पाटल्यांना अजून हात लावायचा नाही.

गाडी आता कुठं उभी हाय? टोइंगवाल्याच्या यार्डात आसंल तर उद्याच्या उद्या भायेर काढा. रोजचं भाडं लावतात ते लोक. मग चार कोपऱ्यांचे फोटो, बोनेट उघडून आतले फोटो, आणि गाडीखाली मोबाईल घालून व्हिडिओ. ते बघून सांगतो.

---

संकेश्वरकर | सोमवार, सकाळी ७:३०

मी दुबईत ११ वर्षं काढली. तिथं पोलिसांचा रिपोर्ट नसेल तर गॅरेजवाला ठोकलेल्या गाडीला हातच लावत नाही, साधा बंपर घासला तरी कागद लागतो. अमेरिकेचं वेगळं असेल पण कागद झालाय का ते बघा आधी. परदेशात आपली पोरं घाबरून "जाऊदे, मिटवू" म्हणतात आणि समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी बोलणं फिरवतो.

---

नंदगडकर | सोमवार, रात्री ९:१५

रिपोर्ट झालाय. पोलिस आले होते, पिकअपवाल्याला तिकीट (दंडाची पावती) दिलं, ह्याच्याकडं रिपोर्टचा नंबर आहे. गाडी यार्डातच होती, टोइंगचे १२५ आणि वर दिवसाला ४० लावत होते, हे ह्याला माहीतच नव्हतं. ह्याच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी खोलायला परवानगी नाही म्हणून अडकला होता. शेवटी वर्गातल्या एका मुलाचे घरमालक तयार झालेत, त्यांचं गॅरेज आहे मागं, परवा तिथं हलवणार. म्हणजे चार दिवसांचे १६० गेलेच.

---

कॅम्प_बेळगाव | सोमवार, रात्री ९:४०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालू नका. भंगारवाल्याला द्या, आहे त्या स्थितीत चार-पाचशे डॉलर येतील, त्यात भर घालून दुसरी घ्या. ठोकलेली गाडी परत पहिल्यासारखी होत नाही.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | सोमवार, रात्री १०:०५

@कॅम्प_बेळगाव तुमचं अर्ध बरोबर हाय. चासी, म्हंजे गाडीचा सांगाडा, वाकली आसंल तर मीबी हेच सांगणार. पण न मोजता भंगारात घालणं म्हंजे ताप बघायच्या आधी स्मशानात न्हेणं. चारशे डॉलरमधी भर घालून दुसरी घ्यायची म्हणताय, ती भर चार हजाराची, आणि त्या गाडीचा आदला मालक कसा होता कुणी सांगायचं? ह्या गाडीचं इंजिन पोराला माहिती हाय.

---

चिकोडी_ते_मिशिगन | सोमवार, रात्री १०:२२

नंदगडकर, मी ९ वर्षं मिशिगनमध्येच आहे, म्हणून हे नीट वाचा आणि धाकट्याला आज रात्रीच पाठवा.

मिशिगन हे नो-फॉल्ट राज्य आहे. म्हणजे चूक कुणाचीही असो, आपल्या गाडीचं नुकसान आपल्याच कोलिजन कव्हरमधनं भरायचं. ते नसलं की बहुतेक मुलं समजतात सगळं संपलं. पण इथल्या कायद्यात मिनी-टॉर्ट म्हणून एक तरतूद आहे. चूक समोरच्याची असेल आणि आपलं नुकसान आपल्या इन्शुरन्समधनं भरून निघत नसेल तर समोरच्याकडनं ३००० डॉलरपर्यंत मागता येतात. आधी ही मर्यादा १००० होती, जुलै २०२० पासून ३००० झाली. आपली चूक निम्म्याहून जास्त धरली तर काही मिळत नाही, थोडी धरली तर त्या प्रमाणात कमी होतं. आणि आपल्या गाडीचा मिशिगनचा इन्शुरन्स चालू असलाच पाहिजे, बिनइन्शुरन्सच्या गाडीला काही नाही.

लागणारे कागद असे. पोलिस रिपोर्ट, इथं त्याला यूडी-१० म्हणतात, तो काढून घ्यायचा. बॉडी शॉपचं लेखी एस्टिमेट, तोंडी ४६०० ला काही किंमत नाही. नुकसानीचे फोटो. स्वतःच्या पॉलिसीचं पहिलं पान, ज्यात कोलिजन नाही हे दिसतं. हे सगळं जोडून पिकअपवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीला मिनी-टॉर्टचा दावा म्हणून लेखी पाठवायचं. फोनवर सांगितलं तर इकडनं तिकडं फिरवतात. त्यांनी नाही म्हटलं तर छोट्या रकमांच्या दाव्यांचं स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे, तिथं वकीलही लागत नाही.

अजून एक, दुरुस्ती चालू करायच्या आधी त्यांच्या माणसाला गाडी बघायची असेल तर बघू द्या. खोलून टाकल्यावर वाद घालतात.

---

नंदगडकर | सोमवार, रात्री ११:३०

सर काय बोलू. धाकट्याला ह्यातलं अक्षर माहीत नव्हतं. आत्ता व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं, तो लिहून घेत होता आणि मध्येच गप्प झाला, मी विचारलं काय झालं तर म्हणाला दादा दोन दिवस झोपलो नाही. आईला सांगितलंय पाटल्या आत ठेव म्हणून.

---

निपाणीकर_ताई | मंगळवार, दुपारी १:०५

भाऊ, आमच्या शेजारचा मुलगा डिसेंबरात शिकागोला निघालाय, हेडलाइट आणि छोटे पार्ट त्याच्या बॅगेतनं पाठवता येतील का? इथं भंगार बाजारात हेडलाइट स्वस्तात मिळते असं आमचे हे म्हणतात.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | मंगळवार, दुपारी २:२०

ताई, मन मोठं हाय तुमचं, पण हेडलाइट अजिबात पाठवू नका. आपण रस्त्याच्या डावीकडनं चालवतो, ते उजवीकडनं. आपल्या डिपर लाइटचा झोत डावीकडं वर चढतोय, फुटपाथकडंची माणसं दिसावीत म्हणून. तीच लाइट तिथं लावली की झोत सरळ समोरच्याच्या डोळ्यात. शिवाय आपल्याकडचं मॉडेल आणि अमेरिकेतलं मॉडेल नाव एकच आसलं तरी बंपर-लाइटचा आकार जुळंल ह्याची ग्यारंटी नाही.

---

चिकोडी_ते_मिशिगन | मंगळवार, संध्याकाळी ७:५०

बरोबर. इथं लाइटच्या काचेवर डीओटीचा, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या नियमाचा, शिक्का असावा लागतो. आणि पार्ट इथं महाग नाहीतच, महाग आहे ती मजुरी. बेळगावात पार्ट महाग आणि हात स्वस्त, इथं उलटं. म्हणून स्वस्तात करायचं म्हणजे खोला-जोडायचं काम शक्य तेवढं स्वतः करायचं आणि जे स्वतः करण्यासारखं नाही तेवढंच मेकॅनिककडं न्यायचं.

पार्टसाठी सेल्फ-सर्व्हिस जंकयार्ड, म्हणजे भंगार गाड्यांचं आवार, बघा. दोन-तीन डॉलर देऊन आत जायचं, आपली पानं आपण न्यायची, आपल्या हातानं पार्ट काढायचा. भाव फळ्यावर लावलेले असतात, फेंडर म्हणजे फेंडर, कुठल्याही गाडीचा असो तेवढेच पैसे. कुठल्या रांगेत कुठली गाडी आहे ते त्यांच्या वेबसाइटवर दिसतं. फोन करून विचारायचं असेल तर शब्द लक्षात ठेवा, बोनेट म्हटलं तर कळत नाही, तिथं हूड. डिकीला ट्रंक, सायलेन्सरला मफलर.

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर कलरचा कोड आहे. त्याच कोडची गाडी यार्डात सापडली तर पेंटिंगचा खर्चच गेला.

---

नंदगडकर | गुरुवार, रात्री १२:३५

आज मोजलं. टिंकरिंगवाल्या मामांनी फोनवर जसं सांगितलं तसं केलं, दीड तास व्हिडिओ चालू होता, धाकट्याच्या डोक्याला टॉर्च आणि घरमालकांचा मुलगा टेपचं दुसरं टोक धरून. इतरांनाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

बोनेट उघडल्यावर आत दोन्ही बाजूला शॉकॲब्सॉर्बर वर येऊन बसतो तो गोल भाग असतो, त्यावर बोल्ट असतात. डाव्या गोलाच्या एका बोल्टपासनं उजव्या हेडलाइटच्या बसायच्या भोकापर्यंत तिरकं माप घ्यायचं, मग उजव्या गोलाच्या त्याच जागच्या बोल्टपासनं डाव्या हेडलाइटच्या भोकापर्यंत. दोन्ही मापं सारखी यायला पाहिजेत. आमच्यात १४ मिलिमीटरचा फरक आला. माझ्या पोटात गोळा आला, मला वाटलं संपली गाडी.

मामा म्हणाले थांब, आता बंपर काढ, आतली आडवी लोखंडी पट्टी काढ, आणि रेडिएटरच्या वरनं जाणारी पट्टी बोल्टवर आहे ती पण काढ. काढलं. आता परत, पण ह्यावेळी पुढं आलेल्या दोन चासी रेलच्या टोकापर्यंत मोज. फरक ३ मिलिमीटर. मामांनी परत मोजायला लावलं, टेप ताणून, बोल्टच्या मधोमध धरून. तेवढाच आला. म्हणजे वरची पट्टी वाकली होती आणि तिनं हेडलाइटची जागा ओढली होती, चासी जागच्या जागी आहे. रेलवर बोट फिरवून सुरकुती कुठं लागते का तेही बघायला लावलं, पेंट कुठं तडकलाय का बघितलं, काही नाही.

पण मग मामांनी चाकांचं माप घ्यायला सांगितलं. स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासनं मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत, दोन्ही बाजूंनी. डावी बाजू ११ मिलिमीटरनं कमी भरली. म्हणजे डावं चाक मागं सरकलंय. बॉडी शॉपच्या एस्टिमेटमध्ये ह्यातलं एक अक्षर नाही.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | गुरुवार, सकाळी ६:५०

पोराचा हात चांगला हाय अण्णा, टेप ढिला सोडत नव्हतं.

लोअर आर्म, म्हंजे चाकाला खालनं धरून ठेवणारा दांडा, वाकलाय. त्याच्याबरोबर टाय रॉडचं, म्हंजे स्टिअरिंगनं चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोकबी बदला. हे दोन्ही नवीनच घ्या, जंकयार्डातलं नको, आणि वाकलेला आर्म गरम करून सरळ करून देतो कुणी म्हटलं तर तिथनं उठून या. तो आर्म तुटला की चाक आडवं पडतंय, वेगात आसला तर माणूस वाचत नाही. मी इथं कुणाचंबी करून देत नाही, कितीबी भांडू देत.

दुसरं बंपरच्या आतलं. ती आडवी पट्टी आणि तिच्यावरचा थर्माकोलसारखा फोम. आपल्याकडं लोक म्हणतात भायेरनं दिसत नाही, कशाला घालायचं. धक्का खायचं काम तेच करतंय. पट्टी जुनी चालंल पण सरळ पाहिजे, फोम तुटका नको.

बोनेटचं लॅच, म्हंजे बोनेट बंद धरणारी कडी, नवीन घ्या. पैसे उरले नाहीत तर कलर नका करू, पण लॅच नवीन.

---

चिकोडी_ते_मिशिगन | गुरुवार, सकाळी ८:१५

मामांनी जे सांगितलं त्याला हात जोडून दुजोरा. त्यात दोन गोष्टी घालतो ज्या आपल्याकडं सहसा येत नाहीत.

एक, गाडी ऑटोमॅटिक असणार. ह्या वयाच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतनंच जाते. रेडिएटर फुटला म्हणजे नुसतं पाणी गेलं असं समजू नका, गिअरचं तेलही गेलं असेल नाहीतर त्यात पाणी मिसळलं असेल. इंजिन चालू करायच्या आधी ते तेल बघा. दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी अजिबात चालू करू नका, गिअरबॉक्स गेला की ही गाडी खरोखरच भंगार.

दोन, पुढच्या टोकाला एअरबॅगचे धक्का ओळखणारे सेन्सर असतात. पार्ट बदलताना ते सुटतात. आधी बॅटरीची वायर काढून दोन मिनिटं थांबायचं, मगच पिवळ्या कनेक्टरला हात. परत लावताना त्याच तोंडानं, त्याच भोकात, बोल्ट पक्का. नंतर चावी फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा पाच-सहा सेकंद लागून विझला पाहिजे. विझत नसेल तर पुढच्या अपघातात एअरबॅग उघडेलच असं नाही.

एसीचं कंडेन्सर वाकलं असेल तर तूर्त सोडून द्या, थंडी आहे. पण नळी शाबूत असेल आणि गॅस आत असेल तर स्वतः सोडू नका, मुद्दाम हवेत गॅस सोडणं इथं बेकायदा आहे, दुकानात मशीननं काढून घेतात. एसी नसला की काचेवरची वाफ जायला वेळ लागतो हे मात्र लक्षात ठेवा, सकाळी दहा मिनिटं आधी गाडी चालू करायची.

---

हिंडलग्याची_आई | गुरुवार, सकाळी ११:४०

माझी मुलगी पण तिकडंच आहे, ओहायोला, तिच्याकडं पण अशीच जुनी गाडी आहे म्हणून सगळा धागा दोनदा वाचला. एअरबॅगचं वाचून जीव धास्तावला. तिची एअरबॅग चांगली आहे हे कळायचं कसं?

---

चिकोडी_ते_मिशिगन | गुरुवार, दुपारी १२:१०

काकू, घाबरू नका, पाच मिनिटांचं काम आहे. गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन नंबर ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसतो. तो एनएचटीएसएच्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या, वेबसाइटवर टाकायचा, कुठला रिकॉल (सदोष भाग बदलायला कंपनीनं गाडी परत बोलावणं) बाकी आहे ते लगेच दिसतं. टाकाटा कंपनीच्या एअरबॅगमधला स्फोटक भाग जुना झाला की फुटून लोखंडाचे तुकडे उडतात असं निघालं आणि अमेरिकेत जवळपास ६ कोटी ७० लाख असे भाग परत बोलावले गेले, अनेक कंपन्यांच्या गाड्यांत ते होते. बदलून द्यायला डीलर एक पैसा घेत नाही. म्हणूनच एअरबॅग उघडली असेल तर जंकयार्डातली किंवा ऑनलाइन स्वस्तातली कधीही लावायची नाही, ती कुठनं आली ते कळत नाही.

---

नंदगडकर | गुरुवार, रात्री १०:५०

काकूंमुळं आम्हीही नंबर टाकून बघितला. आमच्या गाडीचा पण रिकॉल बाकी निघाला, शेजारच्या सीटपुढच्या एअरबॅगचा! आदल्या मालकानं केलाच नव्हता. दुरुस्ती झाली की डीलरकडं न्यायची, फुकट.

गिअरचं तेल बघितलं, पातळी उतरलीय पण रंग स्वच्छ लाल, पाणी मिसळलेलं नाही. दाव्याचे कागद काल गेले. मी सध्या साठ हजार पाठवलेत, पगारातनं जमले तेवढे.

---

फ्रांकफुर्टवरून_अनगोळकर | शुक्रवार, पहाटे २:३०

जर्मनीतल्या मुलांसाठी इथंच लिहून ठेवतो. इथं दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते. लोअर आर्म, लाइट, गंज, सगळं बघतात, वरवर मलमपट्टी केलेली गाडी पास होत नाही. तेव्हा ठोकलेली गाडी घेताना किंवा दुरुस्त करताना पुढची तपासणी कधी आहे ते आधी बघा, नंबरप्लेटवर गोल स्टिकर असतो त्यावर लिहिलेलं असतं.

---

चिकोडी_ते_मिशिगन | शुक्रवार, सकाळी ८:००

मिशिगनमध्ये अशी ठरावीक तपासणी नाहीच. म्हणूनच जास्त जपायला पाहिजे, वाकलेल्या आर्मची गाडी कुणी अडवत नाही, आपणच अडवायची.

---

नंदगडकर | पुढचा सोमवार, रात्री ११:२०

जंकयार्डची हकीकत. शनिवारी दोघं मित्र गेले, उणे दोन तापमान. धाकटा सांगत होता, एका रांगेत चाकं काढून लोखंडी रिंगांवर ठेवलेल्या गाड्या, लांबच लांब, आणि प्रत्येकीचं काहीतरी आधीच कुणीतरी नेलेलं. वेबसाइटवर आपल्या मॉडेलच्या चार दाखवत होते. पहिलीचा पुढचा भाग आमच्यासारखाच ठोकलेला. दुसरीचा फेंडर गंजून खालून जाळी झालेली, रस्त्यावर मीठ टाकतात ना बर्फासाठी, त्यानं. तिसरी मागनं ठोकलेली होती, पुढनं अगदी शाबूत, आणि दार उघडून स्टिकर बघितला तर कोड १एफ७, आमचाच चांदी!

पण बोल्ट निघेनात. १० नंबरचे छोटे निघाले, फेंडरचा दाराजवळचा एक बोल्ट गंजून बसलेला. ह्यानं तिथनंच मामांना फोन लावला, आपल्याकडं रात्रीचे साडेअकरा. मामा झोपेतनं उठून म्हणाले, जोर लावू नको, तेल मार, आधी थोडं आवळ आणि मग सोड. आवळल्यावर कटकन आवाज आला आणि सुटला.

हूड ५५, फेंडर ३२, हेडलाइट २८, वरची पट्टी १८, बंपर ४५, आतली पट्टी फोमसकट २५. सगळे मिळून २०३ डॉलर. हूड दोघांनी डोक्यावर धरून गेटपर्यंत आणलं.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | मंगळवार, सकाळी ७:१०

फेंडर बसवताना सगळे बोल्ट ढिले ठेवून बोनेट बंद करा, दार बंद करा, फट दोन्हीकडं सारखी आली की मगच आवळा. फट बघायला पुठ्ठ्याचा तुकडा घ्या, उजव्या बाजूला जेवढा बसतोय तेवढाच डावीकडं बसला पाहिजे. आणि जिथं पेंट खरवडून लोखंड उघडं पडलंय तिथं आधी प्रायमर मारा. मिठाचा रस्ता म्हणताय, एका हिवाळ्यात खाऊन टाकंल.

---

नंदगडकर | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:१५

गाडी रस्त्यावर आली. हिशोब मांडतो, कुणाला तरी लागेल.

टोइंग आणि यार्डभाडं २८५. जंकयार्ड २०३. नवीन सामान ३०८, त्यात रेडिएटर ११८, लोअर आर्म ७४, टाय रॉडचं टोक २६, लॅच ३८, कूलंट आणि गिअरचं तेल ५२. आर्म आणि रेडिएटर मेकॅनिककडनं बसवून घेतलं, मजुरी २२०, आधी लेखी एस्टिमेट घेऊनच, आणि जुना आर्म परत मागून घेतला. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आणणं, ९९. एकूण १११५ डॉलर. अलाइनमेंटवाल्यानं छापील कागद दिला, आधीचे आकडे लाल आणि नंतरचे सगळे हिरवे, तो कागद आई देवघरात ठेव म्हणाली म्हणून प्रिंट काढून आणलाय.

एअरबॅगचा दिवा सहा सेकंदांत विझतोय. रिकॉलचं काम परवा फुकट झालं. हायवेवर हात सोडून बघितलं, गाडी कुठं ओढत नाही.

आणि मिनी-टॉर्टचा चेक शुक्रवारी आला, पूर्ण ३०००. एकदा नाही म्हणाले होते, हूड उघडून काढलेले फोटो आणि पोलिस रिपोर्ट परत पाठवल्यावर मान्य केलं. त्यातनं माझे साठ हजार धाकटा परत पाठवतो म्हणतोय, मी म्हटलं आधी कोलिजन घे आणि चार हिवाळी टायर घाल.

---

हिंडलग्याची_आई | रविवार, रात्री १०:४०

वाचून डोळ्यात पाणी आलं हो. एक विचारू? माझ्या मुलीकडं रात्री हरणं फार येतात रस्त्यावर. हरणाला धडकली तर पण कोलिजनच लागतं का?

---

चिकोडी_ते_मिशिगन | रविवार, रात्री १०:५८

नाही काकू, हरणाला धडकलं तर ते कॉम्प्रिहेन्सिव्ह नावाच्या वेगळ्या कव्हरमध्ये येतं, ते स्वस्त असतं, तेवढं तरी घ्यायला सांगा. पण हरणाला चुकवायला जाऊन झाडावर गेली तर ते कोलिजन. म्हणून हरीण दिसलं तर ब्रेक दाबायचा, स्टिअरिंग वळवायचं नाही. आणि एक दिसलं की मागनं दुसरं येतंच.

---

टिंकरिंग_उद्यमबाग | सोमवार, सकाळी ६:४५

अण्णा, ५०० मैल झाले की आर्मचे बोल्ट आणि चाकाचे नट एकदा परत आवळायला सांगा. आणि लॅच, बोनेट बंद करून दहा वेळा वर ओढून बघायला सांगितलं होतं, बघितलं काय त्यानं?

---

नंदगडकर | सोमवार, सकाळी ७:२०

बघितलं मामा, व्हिडिओ चालू ठेवून. दहा वेळा ओढलं, मी इकडनं मोजत होतो.